पंधरा दिवसांचे धर्मदूत

यवतमाळला जायचे तर धामणगावला उतरायचे, हा वऱ्हाडातला जुना परिपाठ. मुंबई-हावडा मार्गावरील धामणगाव रेल्वे हे स्टेशन कापसाच्या गाठींसाठी जसे ओळखले गेले, तसेच यवतमाळकरांचे दार म्हणूनही. या दारातून कोण कोण आत आले याची वही कोणी ठेवलेली नाही. परंतु १९५३ ते १९८३ अशी तीस वर्षे यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी ही ख्रिस्ती धर्मशिक्षणसंस्था नांदत होती आणि पुढे ती पुण्याला गेली, ही नोंद मात्र पक्की आहे. धर्मोपदेशक होण्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या अनेक तरुणांचे वऱ्हाडातील पहिले पाऊल याच फलाटावर पडले असणार. ते काही वर्षे राहण्यासाठी येत. इथले ऊन, इथले पाणी, इथली बोली त्यांच्या अंगवळणी पडे. त्यांच्या हेतूशी आमचा मतभेद होता आणि आहे; पण ते पाहुणे नव्हते, हे मान्य केले पाहिजे.

आता धर्मप्रचाराचा एक निराळाच प्रकार जगात रूढ झाला आहे. महाविद्यालयाची सुटी लागली की वीस-बावीस वर्षांचे तरुण-तरुणी आपल्या चर्चमधून वर्गणी गोळा करतात, विमानाने एखाद्या गरीब देशात उतरतात, आठ-पंधरा दिवस भिंती रंगवतात, मुलांबरोबर गाणी म्हणतात, प्रार्थना करतात, छायाचित्रे काढतात आणि परत जातात. रॉबर्ट वुथनाऊ या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाच्या अंदाजानुसार २००५ या एका वर्षात सुमारे सोळा लाख अमेरिकी चर्चसदस्य अशा दौऱ्यांवर देशाबाहेर गेले होते आणि त्यांचा सरासरी मुक्काम होता आठ दिवसांचा. एवढी माणसे, एवढी विमानभाडी! पंढरीच्या वारीलासुद्धा आळंदीहून निघाले तर याहून अधिक दिवस लागतात.

या दौऱ्यांनी साधते काय, हा प्रश्न आपण विचारला की आपल्याकडील निधर्मी मंडळी लगेच ‘असहिष्णुता’ हा शब्द उच्चारतात. म्हणून आपण तो विचारूच नये. ख्रिस्ती विद्वानांनी तो विचारला आहे, त्यांचेच ऐकावे. मध्य अमेरिकेतील होंडुरास देशात १९९८ साली मोठे चक्रीवादळ झाले. त्यानंतर घरे बांधून देण्यासाठी उत्तर अमेरिकेतून असे गट गेले. कर्ट व्हेर बीक या ख्रिस्ती महाविद्यालयातील प्राध्यापकाने पुढे त्याचा अभ्यास केला. बाहेरून आलेल्या गटाचा प्रवासासह एका घरामागे होणारा खर्च सुमारे तीस हजार डॉलर होता. तेच घर स्थानिक संस्था सुमारे दोन हजार डॉलरमध्ये उभे करीत होती. घर मिळालेल्या कुटुंबांच्या आयुष्यात, घर कोणी बांधले यावरून फारसा फरक पडला नव्हता. आणि जे तरुण ‘माझे जीवनच बदलले’ असे सांगत परतले, त्यांच्या दानधर्मात, प्रार्थनेत, वागणुकीतही टिकाऊ बदल फारसा आढळला नाही. त्याच्याही तीस वर्षे आधी, एप्रिल १९६८ मध्ये, इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूने मेक्सिकोत सेवेसाठी जमलेल्या अमेरिकी तरुणांना तोंडावर सांगितले होते की तुमचे हेतू चांगले असतील, पण तुम्ही येथून निघून जावे, हेच या लोकांवर उपकार होतील. तो काही संघाचा स्वयंसेवक नव्हता!

प्रामाणिक तरुणाला हे दिसते. दौऱ्यावरून परतल्यानंतर काही ख्रिस्ती तरुणांनी आपल्या मनातील खळबळ मोकळेपणाने मांडली आहे, आणि हिंदू वाचकानेही ती समजून घ्यावी अशी आहे. मी गेलो तो त्यांच्यासाठी की माझी डळमळणारी श्रद्धा सावरण्यासाठी? ज्यांची भाषा मला येत नाही त्यांना ‘सत्य’ सांगण्याचा अधिकार मला कोणी दिला? या प्रश्नांची थट्टा करण्याचे कारण नाही. श्रद्धावान माणसालाच असे प्रश्न पडतात.

ज्याला ते वेळेवर पडले नाहीत, त्याचे काय होते हे नोव्हेंबर २०१८ मध्ये जगाने पाहिले. जॉन ॲलन चाऊ हा सव्वीस वर्षांचा अमेरिकी तरुण पर्यटक म्हणून अंदमानात आला. उत्तर सेंटिनेल बेटावर जाण्यास कायद्याने बंदी आहे. बाहेरच्या माणसाच्या साध्या सर्दीनेही तेथील मूठभर वनवासी मृत्युमुखी पडू शकतात, हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. तरीही मच्छीमारांना पैसे देऊन तो तेथे गेला आणि बाणांना बळी पडला. त्याने मागे ठेवलेल्या लिखाणात भीती आहे, मरण नको ही कबुली आहे आणि बेटवासीयांवर रागावू नका अशी घरच्यांना विनंतीही आहे. ते वाचून त्या मुलाविषयी कीव आल्यावाचून राहत नाही. राग येतो तो एका तरुण मनात हे भरवणाऱ्या व्यवस्थेचा. जगातील प्रत्येक मनुष्यसमूह म्हणजे यादीतील एक क्रमांक, आणि त्यापुढे खूण झाली पाहिजे, असे तिला वाटते. चाऊला तिने हुतात्मा ठरवले. त्याला नावेतून नेणारे गरीब मच्छीमार मात्र अटकेत गेले. त्यांच्यासाठी कोणत्या चर्चमध्ये मेणबत्ती लागली?

याच वाटेने आलेला दुसरा एक तरुण पाहा. व्हेरियर एल्विन १९२७ साली ऑक्सफर्डहून पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. तोही धर्मदूतच होता. परंतु गांधीजींच्या सहवासात त्याला स्वतःच्या येण्याचे प्रयोजन तपासावेसे वाटले. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी त्याला गोंडांकडे जाण्याचे सुचवले आणि १९३२ च्या आरंभी शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती मित्रासह तो मंडला जिल्ह्यातील करंजिया या खेड्यात जाऊन राहिला. धर्मांतर करणार नाही, या त्याच्या भूमिकेमुळे नागपूरच्या बिशपांनी त्याला धर्मकार्याची अनुज्ञा नाकारली. पुढे त्याने चर्चच सोडले आणि १९४४ मध्ये मंडल्यातील मिशनऱ्यांच्या कारवायांविरुद्ध लेखणी उचलली. १९५४ साली तो भारताचा नागरिक झाला. एल्विनचे वनवासींविषयीचे सारे सिद्धांत आम्हांला मान्य नाहीत. वनवासी हिंदू समाजापासून वेगळा, हा त्याचा आरंभीचा आग्रह तर मुळीच नाही. पण मिशनरी म्हणून आलेल्या माणसाने मिशन सोडावे आणि माणसे धरून ठेवावीत, याला धैर्य लागते.

धामणगावहून पुलगाव ओलांडले की वर्धा. तेथील वाणिज्य महाविद्यालयात एस. के. जॉर्ज नावाचे केरळी ख्रिस्ती प्राध्यापक होते. तरुणपणी कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजात ते धर्मशास्त्र शिकवीत. सत्याग्रहाला पाठिंबा दिल्यावर १९३२ साली त्यांनी ती जागा सोडली. आपल्या ख्रिस्तावरील निष्ठेला त्यांनी कधी अंतर दिले नाही. १९५४ मध्ये मध्य प्रदेश शासनाने नागपूरचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी समिती नेमली, तिचे जॉर्ज सदस्य होते. समिती १४ जिल्ह्यांत ७७ ठिकाणी फिरली, ११,३६० लोकांना भेटली. जुलै १९५६ मध्ये तिचा अहवाल आला. शाळा आणि दवाखाने यांचा धर्मांतरासाठी उपयोग होऊ नये, धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतू त्या परदेशी मिशनऱ्यांनी परत जावे, आणि भारतीय ख्रिस्त्यांनी परकीय पैशावाचून आपले स्वतंत्र, एकसंध चर्च उभारावे, अशा तिच्या शिफारशी होत्या. यात ख्रिस्तद्वेष कोठे आहे? चर्चमंडळींनी मात्र जॉर्ज यांना आपले मानण्यास नकार दिला. तसे पाहिले तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून ‘देवाचा दरबार’ उभारू पाहिला, तो या मातीतल्याच ओढीने.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होते. अहवालानंतर चारच महिन्यांत, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, आपण मुंबई राज्यात गेलो. मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला. धर्माचा प्रसार करण्याच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टेनिस्लॉस खटल्यात स्पष्ट करून तो कायदा वैध ठरवला. पर्यटकाच्या व्हिसावर धर्मप्रचार करता येत नाही. मिशनरी व्हिसा निराळा असतो. तेव्हा कायद्याच्या बाजूने संदिग्धता फार उरलेली नाही. गावात असा गट आला आणि तो प्रचार करीत असल्याचे दिसले, तर कार्यकर्त्यांनी पोलिसांना लेखी कळवावे. हातघाईवर येऊ नये. प्रार्थनेला बसलेल्या गावकऱ्याला दरडावू नये. तो आपलाच आहे, उद्याही आपल्याच विहिरीवर पाणी भरणार आहे.

येथवर वाचून वाचकांनी मान डोलावली असेल. पुढचे कदाचित रुचणार नाही.

दिवाळीच्या सुमारास अमरावती, अकोला, नागपूरहून मेळघाटात किती गाड्या जातात! जुने कपडे, फराळाची पाकिटे, कोरकू मुलांसोबत छायाचित्र, सेमाडोहला जेवण, चिखलदऱ्याला सूर्यास्त आणि रात्री घरी. त्यांचे आठ दिवस, आपला एक. धर्मांतराचा हेतू आपल्या मनात नसतो, हा फरक मोठा आहे आणि तो आम्ही लहान करू इच्छित नाही. परंतु ज्याच्या हातात फराळाचे पाकीट ठेवले त्या मुलाचे नाव आपल्याला विचारावेसे वाटले का? विचारले असते तर उत्तर समजले असते का?

अल्पकाळ जाणे हेच वाईट, असे नाही. आपल्याकडेही पंधरा दिवसांचे, महिन्याचे विस्तारक निघतात. गाडगेबाबा एका गावी क्वचितच दुसऱ्या दिवशी थांबले. अंजनगाव तालुक्यातील शेंडगावात जन्मलेला हा परीट दुपारी खराटा घेऊन गावात शिरे, रात्री कीर्तन करी, पहाटे निघून जाई. दिवसांच्या हिशेबाने पाहिले तर त्यांच्याइतका अल्पकालीन धर्मदूत दुसरा नाही. मात्र ते ज्यांच्यात गेले त्यांच्याच बोलीत बोलत, आपल्या गाडग्यात खात, पायाला कोणाला हात लावू देत नसत आणि आलेल्या दिवशीच गावाची घाण स्वतः उपसत. त्यांच्या मागे उरत ते झाडलेले रस्ते. विस्तारकाचेही तसेच. तो पुन्हा येतो, आणि तो न आल्यास दुसरा येतो, ही त्याच्यामागे व्यवस्था असते. नसेल तर तीही सहलच.

राहणारी माणसेही याच मातीने दिली आहेत. बाळासाहेब देशपांडे अमरावतीचे. शासकीय कामासाठी जशपूरला गेले, तेथील चित्र पाहून नोकरी सोडली आणि २६ डिसेंबर १९५२ रोजी वनवासी कल्याण आश्रमाचा आरंभ केला. ते परत आले नाहीत. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी बैरागडात संसार थाटला, त्याची दखल पद्मश्रीने घेतली ती २०१९ मध्ये. लवाद्याला सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी कोरकूंच्या हाताला बांबूचे काम दिले. सुनीलजी २०२१ मध्ये गेले. काम चालू आहे.

एक गोष्ट आम्हांला विशेष खटकते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एलिचपूरच्या बाजूने मिशनरी मेळघाटात शिरले. त्यांच्यापैकी जॉन ड्रेक याने कोरकू भाषेचे व्याकरण लिहिले, ते १९०३ साली प्रसिद्ध झाले. कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातील, संथाळीची नातेवाईक. परक्या देशातून आलेल्या माणसाने ती शिकून तिचे नियम कागदावर उतरवले. अमरावतीहून चिखलदरा शंभर किलोमीटरसुद्धा नाही. आज आपल्या एखाद्या शाखेत उभे राहून विचारावे, पाणी मागण्यापुरते तरी कोरकू कोणाला येते? किती हात वर होतील?

या दिवाळीला जे गट मेळघाटात निघणार आहेत त्यांना आमची सूचना आहे. कपड्यांची गाठोडी बांधण्याआधी महिनाभर आठवड्यातून दोन संध्याकाळी एकत्र बसावे. परतवाड्यात, धारणीत शिकणारे कोरकू विद्यार्थी आहेत. त्यांच्यापैकी एकाला मानधन देऊन गुरुजी म्हणून बोलवावे आणि त्याच्याकडून भाषा शिकावी. पुस्तक हवेच असेल तर ड्रेकचे आहे. ते मिशनऱ्याचे, म्हणून हात लावावासा वाटत नसेल, तर दुसरे लिहायला आपल्याला कोणी अडवलेले नाही.