विक्रोळी, कांदिवली आणि परदेशातील भांडवल

भारतीय उद्योगांनी परदेशांतील कंपन्या विकत घेण्याचा सपाटा 2000 नंतर लावला, तेव्हा त्याचे कौतुक बहुधा रकमांच्या भाषेत झाले. कोणी किती कोटी डॉलर मोजले, एवढ्यावर बातमी संपे. नेमका तोच देश का निवडला, हा प्रश्न मागे राहिला. मुंबईच्या उपनगरांत पाय रोवलेल्या दोन उद्योगसमूहांचा अनुभव या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

विक्रोळीच्या 'गोदरेज कन्झ्युमर'ने 2005 मध्ये ब्रिटनमधील 'कीलाइन ब्रँड्स' घेतली. पुढचा ओघ मात्र दक्षिण आफ्रिका, इंडोनेशिया, अर्जेंटिना अशा देशांकडे वळला. 2010 मध्ये घेतलेली इंडोनेशियातील 'मेगासारी' घरगुती कीटकनाशके बनवणारी. दमट हवा, डास आणि जपून खर्च करणारे कुटुंब हे चित्र विक्रोळीला परके नव्हते. आफ्रिकेतील कृत्रिम केसांचा धंदा मात्र सर्वस्वी अनोळखी. म्हणून 2011 मध्ये 'डार्लिंग' समूहात 51 टक्के हिस्सा घेताना मूळ प्रवर्तकांना भागीदार म्हणून सोबत ठेवले गेले. ब्रिटनमधील व्यवसाय 2018 मध्ये विकण्यात आला. भाषेची जवळीक म्हणजे बाजारपेठेची जवळीक नव्हे, हे यातून दिसते.

कांदिवलीत मोठा कारखाना असलेल्या 'महिंद्र अँड महिंद्र'ने वेगळी वाट धरली. दक्षिण कोरियातील 'सांगयाँग मोटर'चा सुमारे 70 टक्के हिस्सा तिने 2011 मध्ये जवळपास 46 कोटी डॉलर मोजून घेतला. जीपगाड्यांचे तंत्रज्ञान हे आकर्षण होते. पण सोबत इतिहासही पदरी आला. आधीच्या चिनी मालकावर तंत्रज्ञान पळवल्याचा आरोप तेथील कामगारांनी केला होता आणि 2009 मध्ये प्याँगटेकच्या कारखान्यात 77 दिवसांचा संप झाला होता. परकीय मालकाविषयीचा हा संशय ताळेबंदात दिसत नाही. बडतर्फ कामगारांचा प्रश्न कोरियात इतका जिव्हाळ्याचा होता की, राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांनी 2018 च्या भारतभेटीत तो आनंद महिंद्र यांच्यापुढे मांडला. त्याच वर्षी उरलेल्यांना परत घेण्याचा समझोता झाला.

डच अभ्यासक गीर्ट हॉफस्टेड यांनी 'आयबीएम'च्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांच्या पाहणीवरून 1980 मध्ये राष्ट्रीय संस्कृतींची मोजपट्टी मांडली. अधिकाराविषयीचा आदर, अनिश्चिततेची भीती असे तिचे निकष. व्यवस्थापनशास्त्राने ती उचलून धरली, तरी एका कंपनीच्या नोकरवर्गावरून अवघा देश जोखणे धाडसाचेच. शिवाय 'संस्कृती जुळली नाही' ही सबब तोट्यातील संचालकांना फार सोयीची असते. सांगयाँगचा तोटा केवळ स्वभावभेदाचा नव्हता. विक्री घसरत होती आणि नव्या गाड्यांसाठी सतत पैसा लागत होता. एप्रिल 2020 मध्ये, कोरोनाच्या तडाख्यात, महिंद्रच्या संचालक मंडळाने आणखी भांडवल ओतण्यास नकार दिला. मालक हा कुटुंबप्रमुख, तो संकटात पाठ फिरवत नाही, अशी अपेक्षा बाळगणाऱ्या कामगारांना तो निर्णय कठोर वाटला असणार. मुंबईतील भागधारकांच्या दृष्टीने तो उशिराच आलेला होता.

त्या डिसेंबरात सांगयाँगने न्यायालयाकडे धाव घेतली. 2022 मध्ये ती 'केजी' या कोरियन समूहाकडेच गेली.