मुक्तिफौजेचे निशाण

दानधर्मास सैन्याचा वेष चढवावा, ही कल्पना आपल्या लोकांस प्रथमदर्शनी विचित्रच वाटेल. शिपाई आणि अन्नछत्र यांचा मेळ तो काय! तथापि ‘साल्व्हेशन आर्मी’ ऊर्फ मुक्तिफौज या संस्थेने तो घातला. आणि तिच्या निशाणात आपल्या मुंबईचाही एक धागा आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसावे.

संस्थेचा उगम १८६५ सालचा. विल्यम बूथ हा धर्मोपदेशक व त्याची पत्नी कॅथरीन यांनी लंडनच्या पूर्व भागात, दारिद्र्य आणि दारू यांनी ग्रासलेल्या वस्तीत, कार्यास आरंभ केला. १८७८ साली संस्थेच्या वृत्तान्ताचा मसुदा वाचला जात असता ‘स्वयंसेवकांची फौज’ असे शब्द आले. बूथचा पुत्र ब्रॅम्वेल यास हौशी शिपाई म्हणवून घेणे रुचेना. तेव्हा बूथने तो शब्द खोडून तेथे ‘मुक्ती’ असे लिहिले. मग काय, उपदेशकांचे कॅप्टन झाले, बूथ स्वतः जनरल झाला, गणवेष आला, वाद्ये आली. आणि स्त्रियांसही पुरुषांप्रमाणेच अधिकारपदे मिळाली. त्या काळी हे शेवटचे धाडस लहान नव्हते.

त्याच वर्षी कॅथरीनने कॉव्हेंट्री येथे पहिले निशाण दिले. त्यातील तांबडा रंग ख्रिस्ताच्या रक्ताचा, निळी किनार पावित्र्याची, आणि मध्यभागी पवित्र आत्म्याच्या अग्नीचे द्योतक म्हणून पिवळा सूर्य. पुढे १८८२ साली फौज हिंदुस्थानात यावयाची ठरली. सूर्य पारशी समाजास पवित्र. त्यांचे मन दुखावू नये म्हणून सूर्य जाऊन तेथे तारा आला. आजही सर्व जगभर फडकतो तो ताराच.

१९ सप्टेंबर १८८२ रोजी फ्रेडरिक टकर हा सनदी नोकरीचा राजीनामा दिलेला गृहस्थ तीन सोबत्यांसह मुंबईस उतरला. त्याने भगवी वस्त्रे धारण केली, अनवाणी फिरू लागला, ‘फकीरसिंग’ हे नावही घेतले. मिरवणुकांच्या कारणावरून इंग्रज सरकारने या इंग्रजासच तुरुंगात घातले, आणि त्याच्या बाजूने आवाज उठविला तो ब्राह्मसमाजाच्या केशवचंद्र सेनांनी! परधर्मप्रचारासाठी संन्याशाची वस्त्रे घेणे मला तरी खटकते. परंतु टकरने सुखासीन पद सोडून भिक्षान्न पत्करले, हेही नाकारता येत नाही.

बूथचा मुद्दा मात्र सरळ होता. १८९० सालच्या आपल्या ग्रंथात तो विचारतो, की भाडोत्री गाडीचा घोडा रस्त्यात पडला तर त्यास लोक उठवितात. त्यास दाणावैरण, निवारा व काम मिळते. मग माणसास तेवढे तरी का मिळू नये? पुढल्याच वर्षी त्याने आगकाड्यांचा कारखाना काढला. पांढऱ्या फॉस्फरसाने कामगारांच्या जबड्याची हाडे कुजत. बूथच्या कारखान्यात निरुपद्रवी तांबडा फॉस्फरस वापरीत आणि मजुरीही अधिक देत. काड्या महाग पडत, म्हणून धंदा फार काळ टिकला नाही. पांढऱ्या फॉस्फरसाच्या काड्यांस बंदी करणारा कायदा इंग्लंडात १९०८ साली झाला.