आंबोलीच्या रानातली ती

आमच्या मालवणातून आंबोलीला जायचं म्हणजे काय, तर धबधबा, धुकं, गरम कांदाभजी आणि ओले कपडे. मीही आजवर पाच-सहा वेळा अशीच जाऊन आले. त्या रानातून सहा वर्षं चाललेल्या एका लढ्याची सुरुवात झाली होती, हे मला कुणी सांगितलं नाही. कळलं ते मुलीच्या शाळेतल्या भाषणामुळे!

तिने विषय घेतला होता नूर इनायत खान. वडील बडोद्याचे, नूर वाढली पॅरिसमध्ये. मुलांसाठी गोष्टी लिहिणारी ही मुलगी जून 1943 मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये उतरली आणि लपूनछपून लंडनला बिनतारी संदेश पाठवू लागली. ऑक्टोबरात पकडली गेली. 13 सप्टेंबर 1944 ला डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली. वय अवघं तीस. लेकीला माहिती शोधून देताना मला दुसरं नाव सापडलं, लिबिया लोबो.

आणि ती तर आपल्या घाटमाथ्यावरची निघाली.

गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल. लग्नाची पत्रिका छापायची तरी सेन्सॉरचा शिक्का लागायचा, मग खरी बातमी लोकांना कळणार कशी? 1954 मध्ये दादरा-नगरहवेली सोडवताना हाती आलेले दोन वायरलेस संच होते. त्यांचं प्रक्षेपण यंत्र करून घेतलं आणि 25 नोव्हेंबर 1955 ला आंबोलीच्या जंगलातून गुप्त रेडिओ सुरू झाला. पोर्तुगीज भाषेतून आणि कोकणीतून. पुढे तो कॅसलरॉकला हलवला. चालवणारे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. एक-दोन महिने नाही हो, थेट डिसेंबर 1961 पर्यंत. आंबोलीचा पाऊस, जळवा, साप हे आपल्याला सहलीपुरतं माहीत. तिथे रोज बातम्या जमवायच्या, लिहायच्या, वाचायच्या आणि आपण कुठे आहोत याचा पत्ता लागू द्यायचा नाही.

मला खटकतं ते पुढचं. बोलताना आपण सहज म्हणतो, ‘सरदेसाई आणि त्यांच्या पत्नी.’ अहो, त्यांचं लग्न झालं 1964 मध्ये! गोवा सुटल्यावर तीन वर्षांनी. रानात गेली तेव्हा ती कुणाची पत्नी नव्हती. मुंबईत आकाशवाणीत नोकरी केलेली, एकतिशीची, बिनलग्नाची बाई होती. 1955 साल होतं. आमच्या आळीतल्या एका मुलीला पणजीत हॉटेलात चांगली नोकरी लागत होती, तर रात्रपाळी आहे म्हणून घरच्यांनी नको म्हटलं, आणि हे अगदी अलीकडचं. मग तेव्हा घराबाहेर पाऊल टाकताना लिबियाने काय काय बाजूला सारलं असेल? ‘नवऱ्याला साथ दिली’ म्हटलं की हे सगळं झाकून जातं. नूरचंही तेच. टिपू सुलतानच्या वंशातली म्हणून जग तिला ‘राजकन्या’ म्हणतं. अगं, ती रेडिओ ऑपरेटर होती! ते काम शिकली होती, त्यात हुशार होती, हे आधी सांगा ना.

लिबियाताईंच्या वाट्याला निदान शेवट गोड आला. 19 डिसेंबर 1961 ला लाऊडस्पीकर लावलेल्या विमानातून दोघांनी गोव्यावर घिरट्या घालत मुक्तीची बातमी सांगितली. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा वयाची शंभरी उलटली होती. इतकी वर्षं लागली, याचं मला वाईटही वाटलं.

सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांचं माहेर पेडण्याजवळचं. थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, ‘‘आंबोलेत? आणि आमका कोणी सांगूक नाय ता!’’

येत्या पावसात महिला मंडळाची सहल आंबोलीलाच आहे. भजी खाऊच, पण यंदा बसमध्ये अंताक्षरीच्या आधी दहा मिनिटं मी मागून घेतली आहेत.