प्रमाणपत्र फुकटचे की विकतचे?

शासकीय कार्यालयांत एक समज खोल रुजलेला आहे. जे फुकट मिळते ते कमअस्सल, आणि ज्याची निविदा निघते ते खात्रीचे. संकेतस्थळांच्या सुरक्षा-प्रमाणपत्रांबाबत हा समज तपासून पाहायला हवा.

प्रमाणपत्राची कामे दोन. वाचक व संकेतस्थळ यांच्यातील मजकूर वाटेत कोणाला वाचता वा बदलता येऊ नये, हे पहिले. समोरचे संकेतस्थळ त्याच नावाचे आहे याची हमी, हे दुसरे. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा २०१५ पासून ही दोन्ही कामे विनामूल्य करते. पैसे मोजल्याने कुलूप अधिक मजबूत होत नाही. मिळते ते संस्थेच्या कायदेशीर अस्तित्वाची पडताळणी आणि अडचणीच्या वेळी मदत. त्यातही सर्वांत कसून केलेल्या पडताळणीची ठळक खूण क्रोम व फायरफॉक्स यांनी २०१९ मध्ये पत्त्याच्या पट्टीतून काढून टाकली.

ग्राहकाला गुणवत्ता पारखता येत नसेल तर बाजार बिघडतो, हे अर्थशास्त्रज्ञ ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवले. अशा बाजारात किंमत हीच गुणवत्तेची खूण वाटू लागते. परंतु सिमँटेकसारख्या नामांकित विक्रेत्याच्या जुन्या प्रमाणपत्रांवरील विश्वासही क्रोमने २०१८ मध्ये काढून घेतला.

सरकारी शिक्का तरी पुरेसा आहे काय? फरीदाबादहून दिल्लीच्या लोदी रोडवरील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र फार दूर नाही. जुलै २०१४ मध्ये या केंद्राच्या प्रमाणपत्र-यंत्रणेतून गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघडकीस आले. ३ जुलैला नियंत्रकांनी केंद्राची संबंधित प्रमाणपत्रे रद्द केली. पुढे क्रोमने भारतीय मूळ प्रमाणपत्राची मान्यता मोजक्या नावांपुरती मर्यादित केली. विश्वास किमतीतून येत नाही, शिक्क्यातूनही नाही. तो कार्यपद्धतीतून येतो.

म्हणून खरा प्रश्न नूतनीकरणाचा आहे. २०२५ मध्ये ठरलेल्या वेळापत्रकानुसार प्रमाणपत्राची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून अवघी ४७ दिवस. तेवढ्या काळात आपली फाईल चार टेबलेही ओलांडत नाही! नूतनीकरण यंत्राकडे सोपवावे, आणि यंत्र अडले तर कोण पाहणार, त्या अधिकाऱ्याचे पदनाम आदेशात लिहावे. हे जिथे शक्य आहे तिथे माहितीपर संकेतस्थळांना फुकटचे प्रमाणपत्र पुरेसे आहे. करारान्वये मदत वा संस्थेची पडताळणी आवश्यक असेल तिथेच खर्च करावा, आणि त्याचे कारण टिपणीत नोंदवावे.

गावापासून दूर राहून सातबारा पाहणाऱ्या वाचकांना एवढेच सांगेन: कुलपाच्या चिन्हाने मालकाची सचोटी कळत नाही. फसवणाऱ्यालाही ते मिळते. पत्त्याचा शेवट ‘गव्ह डॉट इन’ असा आहे ना, ते पाहावे. ते नाव सरकारी संस्थांनाच मिळते. आणि मुदत संपल्याची सूचना दिसली तर पुढे न जाता संबंधित कार्यालयाला कळवावे. नागरिकाला असे इशारे दुर्लक्षिण्याची सवय लागणे, हा प्रमाणपत्राच्या किमतीहून कितीतरी मोठा खर्च आहे.