पाळणाघर कोणी द्यावयाचे?

घरी बसून नोकरी केली की मूल आपोआप सांभाळले जाते, असे म्हणणारे सद्गृहस्थ आजकाल जागोजाग भेटतात. त्यांनी दोन वर्षांच्या मुलास मांडीवर घेऊन एक तास तरी संगणकावरील बैठक चालवून पाहावी, अशी त्यांस आमची नम्र विनंती आहे.

२०१७ साली मातृत्वलाभाच्या कायद्यात सुधारणा झाली. ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी व मातेस दिवसातून चार वेळा तेथे जाऊ द्यावे, असे त्या वेळी ठरले. रजा संपल्यावर, कामाचे स्वरूप तसे असल्यास, मालकाशी ठरवून घरून काम करण्याची मुभाही त्याच सुधारणेने दिली. या मुभेने पाळणाघराची जबाबदारी फिटते, असे तीत कोठेही लिहिलेले नव्हते. परंतु पाळणाघरास जागा लागते, दाई लागते, पैसा लागतो. घरी बसलेल्या आईपायी मालकास यांतले काहीच लागत नाही. सवलत कोणास मिळाली, हे वाचकांनीच ठरवावे.

आणि बाप? २०१९ च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, तर पुरुषांची ९७. त्याची बैठक असली की खोलीचे दार लागते. तिची असली की ते उघडेच राहते. हैदराबादेस वा बंगळूरास येऊन राहिलेल्या आम्हां मराठी कुटुंबांत तर मूल घ्यावयास आजीही जवळ नसते.

घरून काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी मालकाने घराजवळच्या पाळणाघराचा खर्च द्यावा, अशी आमची मागणी आहे. आणि त्या अर्जावर बापाचीही सही हवी.