यजमानाचा धर्म आणि पाहुण्याचा ध्वज

१५ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिन ऑलिंपिकमध्ये हॉकीचा अंतिम सामना खेळावयास जाण्यापूर्वी भारतीय संघाचे सहव्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी कपडे बदलण्याच्या खोलीत काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला. खेळाडूंनी त्यास वंदन केले आणि जर्मनीचा ८-१ असा पराभव केला. मैदानावर मात्र त्यांना ब्रिटिश अमदानीचाच ध्वज मिरवावा लागला. तिरंगा उघडपणे फडकला तो बारा वर्षांनी, लंडनमध्ये. आणि तोही ब्रिटनलाच नमवून.

खेळात राजकारण नको, हे सुभाषित उठल्याबसल्या ऐकविणाऱ्यांनी हा प्रसंग आठवावा. स्पर्धा राष्ट्रांच्या नावाने भरवावयाच्या आणि राजकारणाने मात्र दाराबाहेर थांबावे, ही अपेक्षाच भाबडी आहे. खरा प्रश्न राजकारण असावे की नसावे हा नसून, त्याची किंमत कोणी मोजावयाची हा आहे.

१९७४ साली भारताचा संघ डेव्हिस करंडकाच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. प्रतिस्पर्धी दक्षिण आफ्रिका. तेथील वर्णद्वेषी राजवटीचा निषेध म्हणून भारताने न खेळताच करंडक सोडून दिला. खेळाडूंवर अन्याय झाला, हे खरे. पण तत्त्वाची किंमत आपण स्वतःच्या पदरातून मोजली. उलट १९७६ मध्ये माँट्रियल येथे यजमान कॅनडाने तैवानच्या खेळाडूंना 'चीन प्रजासत्ताक' या नावाने उतरू देण्याचे नाकारले आणि तैवानला स्पर्धेबाहेर राहावे लागले. येथे धोरण यजमानाचे, आणि भुर्दंड पाहुण्याला!

आपण या दोन प्रसंगांतील भेद सदैव ध्यानी ठेवला, असे म्हणवत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामा येथील हल्ल्यानंतर, दिल्लीतील विश्वचषक नेमबाजीसाठी पाकिस्तानी नेमबाजांना प्रवेशपत्र मिळाले नाही. जनतेचा संताप रास्त होता. तथापि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने भारतात भावी स्पर्धा भरविण्याविषयीची बोलणीच थांबविली. सर्वांना प्रवेश देण्याची लेखी हमी सरकारने दिल्यानंतरच त्याच वर्षी जूनमध्ये ती बंदी उठली. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने जाहीर केले की, पाकिस्तानशी द्विपक्षीय सामने होणार नाहीत. बहुराष्ट्रीय स्पर्धांना मात्र आडकाठी नसेल. हा विवेक उशिरा आला, तरी योग्यच आहे.

२०३६चे ऑलिंपिक भारतात व्हावे, असा प्रस्ताव २०२४ मध्ये आपण पाठविला आहे. बर्लिनच्या त्या प्रसंगास तेव्हा शंभर वर्षे होतील. ज्या राष्ट्राच्या खेळाडूंना आपला ध्वज बंद दाराआड वंदावा लागला, त्याला त्या वेदनेचे मोल कोणी शिकवावयास नको. निषेध करावयाचा तर स्वतः मैदान सोडावे. पण आपल्या अंगणात आलेल्या पाहुण्याचा ध्वज उतरविण्याचा अधिकार यजमानाला नाही. क्रीडांगणे आणि वसतिगृहे पैशाने उभी राहतील. हा संयम मात्र आतापासूनच अंगी बाणवावा लागेल.