बहिष्कृतांसाठी प्रार्थना

धर्मसंघाने ज्याला वाळीत टाकले, त्याच्यासाठी घरच्या माणसांनी ईश्वराजवळ प्रार्थना करावी की नाही, असा प्रश्न निघावा हेच मुळी आम्हांस लांच्छनास्पद वाटते. परंतु तो निघतो. पंगत तुटली, बोलचाल थांबली, मयतीला खांदा द्यायला कोणी येईनासे झाले, की अखेरीस आईच्या ओठांवरचे मुलाचे नावही संघाच्या धुरीणांना खुपू लागते.

संघशिस्तीचे कैवारी म्हणतात, अशा प्रार्थनेने शिक्षेचा धाक उरत नाही. आम्ही त्यांस विचारतो, ही शिक्षा कशासाठी? अपराध्याने सुधारावे यासाठी असेल, तर प्रार्थना तिची साहाय्यकच ठरेल. प्रार्थनेचेही भय वाटत असेल, तर तुम्हांस त्याची सुधारणा नको, इतरांवर जरब हवी आहे, असेच म्हणावे लागेल.

मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कारास प्रतिबंध करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्यास आव्हान दिले आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बहुमताने घटनाबाह्य ठरविला. सरन्यायाधीश सिन्हा यांनी मात्र भिन्न मत नोंदविले. बहिष्कृत मनुष्य आपल्याच समाजात अस्पृश्यवत होतो, हे त्यांनी ओळखले होते. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध पुन्हा कायदा संमत केला. हे वाद महत्त्वाचे खरेच. पण संघाचा अधिकार कितीही मोठा मानला, तरी तो प्रार्थनास्थळाच्या आणि दफनभूमीच्या दारापर्यंतच पोचतो. अंतःकरणातील मागण्यावर त्याची सत्ता नाही.

आमच्या परंपरेची साक्ष याहून वेगळी नाही. आळंदीच्या ज्या कुटुंबास संन्याशाची मुले म्हणून वाळीत टाकल्याचे परंपरा सांगते, त्याच कुटुंबातील ज्ञानदेवांनी १२९० च्या सुमारास साऱ्या विश्वासाठी पसायदान मागितले. बहिष्कार घालणारेही त्यातून वगळलेले नाहीत. बाहेर टाकलेल्याने आतल्यांसाठी मागावे, आणि आतल्यांनी मात्र बाहेरच्यासाठी मौन धरावे काय? युरोपातील यहुदी समाजात प्रायश्चित्तदिनाच्या आदल्या संध्याकाळी, अपराध्यांसमवेत प्रार्थना करण्यास अनुमती असल्याचे आरंभीच घोषित करतात. त्या प्रथेचे श्रेय तेराव्या शतकातील, म्हणजे ज्ञानदेवांच्याच काळातील, रोथेनबर्गच्या मेईर या धर्मपंडितास दिले जाते. हेरेमसारखा कडक बहिष्कार जाणणाऱ्या समाजाने हे दार उघडे ठेवले, हे विसरता कामा नये.

मात्र ‘त्याला शरण येण्याची बुद्धी दे’ एवढेच मागणे म्हणजे प्रार्थना नव्हे. तो शिक्षेचाच उत्तरार्ध होय. त्याचे कुशल मागावे, आणि संघ चुकला असेल तर संघालाही सुबुद्धी मागावी. एवढे मागून झाल्यावर आसनावरून उठावे आणि त्याच्या घरी जावे. जी प्रार्थना त्याच्या उंबरठ्यापर्यंत नेत नाही, ती आमच्या मते भीतीने पांघरलेली शाल आहे.